रिकामी घरे राखणारा माणूस

१९०७ सालच्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा. रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग बर्फाने गोठून गेली होती. त्या थंडीत वोल्कोवो स्मशानभूमीच्या दिशेने एक मोठी अंत्ययात्रा निघाली होती. यात्रेच्या पुढे विद्यार्थ्यांनी एक भलामोठा तक्ता उंच धरला होता. त्यावर चौकटी आखलेल्या होत्या आणि चौकटींत रासायनिक मूलद्रव्यांची चिन्हे होती. राजेमहाराजांच्या अंत्ययात्रेत निशाणे असतात, सेनापतीच्या अंत्ययात्रेत तलवार असते. दिमित्री इव्हानोविच मेंडेलीव्ह या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या वाट्याला त्याने स्वतः मांडलेली आवर्तसारणी आली.

शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ही आवर्तसारणी पाहिलेली असते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर, कडा फाटलेल्या, धूळ बसलेल्या तक्त्याच्या रूपात ती वर्षानुवर्षे लटकत असते. बहुतेकांना ती पाठांतराची डोकेदुखी वाटते आणि परीक्षा संपली की विसरली जाते. पण त्या चौकटींमागे एका माणसाचे धाडस आहे आणि त्याच माणसाची हारही आहे. दोन्ही समजून घेतल्याशिवाय तो तक्ता खऱ्या अर्थाने वाचता येत नाही.

आईची पायपीट

मेंडेलीव्हचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजी सैबेरियातील टोबोल्स्क येथे झाला. घरात मुलांचे मोठे लटांबर होते आणि दिमित्री त्यातले शेंडेफळ. वडील इव्हान पाव्लोविच गावातल्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. दिमित्री जन्मला त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि नोकरीही गेली. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर एवढे कुटुंब चालणे शक्य नव्हते. तेव्हा आई मारिया दिमित्रियेव्हनाने पदर खोचला. जवळच्या खेड्यात तिच्या माहेरचा काचेचा कारखाना होता. तो तिने चालवायला घेतला. भट्टीत वाळू वितळते, तिची काच होते, एका पदार्थाचा दुसराच पदार्थ होतो, हा चमत्कार दिमित्रीने लहानपणी पाहिला तो याच कारखान्यात.

टोबोल्स्क हे हद्दपारीचे ठिकाण. १८२५ च्या डिसेंबरमध्ये झारविरुद्ध उठाव करणाऱ्या सरदारांपैकी अनेकांना सैबेरियात धाडले होते. त्यांतले बसार्गिन हे पुढे मेंडेलीव्ह कुटुंबाचे जावई झाले. अशा सुशिक्षित कैद्यांच्या सहवासात या मुलाला विज्ञानाची गोडी लागली. शाळेत लॅटिनचे मात्र त्याला वावडे होते.

१८४७ साली वडील गेले. पुढच्याच वर्षी कारखान्याला आग लागली आणि सारे जळून खाक झाले. एखादी बाई अशा प्रसंगी खचून गेली असती. मारियाने उरलेसुरले गोळा केले, घर आवरले आणि १८४९ साली पंधरा वर्षांच्या दिमित्रीला शिकवायचेच या एका निश्चयाने ती मॉस्कोकडे निघाली. वाटेत उरल पर्वत, अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर आणि आगगाडीचा पत्ता नाही. एवढे करून मॉस्कोला पोहोचल्यावर विद्यापीठाने दार लावून घेतले. टोबोल्स्क हे कझान शिक्षण विभागात मोडते, तेव्हा कझानला जा, असा नियम दाखवण्यात आला. सरकारी नियमांचा हा अनुभव आपल्याकडच्या पालकांनाही परका नाही.

मारिया मुलाला घेऊन आणखी पुढे, पीटर्सबर्गला गेली. वडील ज्या मुख्य अध्यापन संस्थेत शिकले होते तिथे १८५० साली दिमित्रीला प्रवेश मिळाला. काही आठवड्यांतच मारियाने डोळे मिटले. जणू एवढ्या कामापुरतेच तिने श्वास राखून ठेवले होते. सदतीस वर्षांनंतर, १८८७ साली, जगद्विख्यात झालेल्या मेंडेलीव्हने जलीय द्रावणांवरचा आपला ग्रंथ आईच्या स्मृतीला अर्पण केला.

वजनांचा गोंधळ

१८५५ मध्ये मेंडेलीव्ह सुवर्णपदक मिळवून बाहेर पडला. प्रकृती तोळामासा होती. डॉक्टरांना क्षयाची शंका आली आणि हवापालटासाठी त्याला दक्षिणेला, क्रिमियात शिक्षक म्हणून पाठवण्यात आले. तिथे युद्ध चालू असल्याने शाळाच बंद! मग काही महिने ओडेसाला शिकवून तो राजधानीत परतला. क्षय निघाला नाही. १८५९ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर तो जर्मनीतील हायडेलबर्गला गेला आणि तिथे असतानाच त्याच्या आयुष्याला वळण देणारी एक परिषद भरली.

सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहे या गावी युरोपभरातले शंभराहून अधिक रसायनतज्ज्ञ जमले होते. भांडण होते ते मूलद्रव्यांच्या वजनांबद्दल. ऑक्सिजनचा अणुभार कोणी ८ धरी, तर कोणी १६. कार्बनचा कोणी ६, तर कोणी १२. बाजारात प्रत्येक दुकानदाराने आपापले वेगळे शेर वापरावेत, तशी ही स्थिती होती. स्टानिस्लाव कानिझारो या इटालियन शास्त्रज्ञाने तिथे अणुभार काढण्याची एक सुसंगत रीत मांडली आणि तिची पुस्तिका वाटली. सव्वीस वर्षांच्या मेंडेलीव्हने ती पोटाशी धरून रशियात आणली. वजनेच विश्वासार्ह नसतील तर त्यांच्या आधारे मांडणी कसली करणार?

मांडणीचे प्रयत्न आधीही झाले होते. जर्मनीत डोबेरायनरने सारख्या गुणधर्मांच्या मूलद्रव्यांची त्रिके शोधली होती. मधल्या मूलद्रव्याचा अणुभार उरलेल्या दोघांच्या सरासरीइतका असतो, हे त्याचे निरीक्षण. फ्रान्समध्ये द शांकूर्त्वा या भूगर्भशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये नळकांड्यावर मळसूत्रासारखी रेघ ओढून मूलद्रव्ये मांडली. इंग्लंडमध्ये जॉन न्यूलँड्सला दिसले की मूलद्रव्ये वजनाच्या क्रमाने लावली तर दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागते, जसे सा रे ग म प ध नी नंतर पुन्हा सा येतो. १८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत त्याने हा अष्टकांचा नियम मांडला, तेव्हा मूलद्रव्ये अकारविल्हे लावून पाहिलीत काय, अशी त्याची थट्टा झाली. पण न्यूलँड्सच्या मांडणीत एक खरा दोष होता. त्याने एकही जागा मोकळी सोडली नव्हती. त्यामुळे कोबाल्ट आणि निकेल या दोन धातूंना एकाच घरात कोंबावे लागले आणि तेही क्लोरीन-ब्रोमीनच्या रांगेत!

पाठ्यपुस्तकाची अडचण

१८६७ मध्ये मेंडेलीव्ह पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना देण्याजोगे चांगले रशियन पाठ्यपुस्तक नव्हते, म्हणून तो स्वतःच लिहायला बसला. जगातला एक मोठा शोध एका मास्तरच्या पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून निघाला, ही गोष्ट शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावी. तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. पहिल्या भागात हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन ही ओळखीची मंडळी आणि शेवटी हॅलोजन कुटुंब आटोपले. दुसऱ्या भागाची सुरुवात सोडियम, पोटॅशियम या अल्कली धातूंनी झाली. आता त्यांच्यानंतर कोण? उरलेल्या पन्नासएक मूलद्रव्यांना कोणत्या क्रमाने घ्यावे, याला काही आधार नको का?

१८६९ च्या फेब्रुवारीची १७ तारीख, म्हणजे आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे १ मार्च. त्या दिवशी मेंडेलीव्हला चीज बनवणाऱ्या शेतकी केंद्रांच्या पाहणीला जायचे होते. त्यासंबंधीच्या पत्राच्याच कोऱ्या बाजूवर त्याने आकडेमोड सुरू केली. कुटुंबे तर आधीच ठाऊक होती. त्याने एका कुटुंबाची वजने दुसऱ्या कुटुंबाच्या वजनांशेजारी ठेवून पाहिली. फ्लोरीन १९, सोडियम २३. क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९. ब्रोमीन ८०, रुबिडियम ८५. आयोडीन १२७, सीझियम १३३. प्रत्येक वेळी हॅलोजनच्या पाठोपाठ, चार-सहाच्या फरकाने, अल्कली धातू उभा! स्वभावाने ही दोन्ही कुटुंबे दोन टोकांची, पण वजनाने सख्खी शेजारी. म्हणजे वजनाच्या वाटेने चालत गेले, की ठरावीक अंतराने तेच स्वभाव पुन्हा पुन्हा भेटतात. आवर्तनाचे तत्त्व ते हेच.

पत्रिका जुळवताना आपण ज्याला गण म्हणतो, तोच शब्द मराठी पाठ्यपुस्तकांनी या उभ्या स्तंभांना दिला आहे आणि तो चपखल आहे. एका गणातील मूलद्रव्यांचा स्वभाव सारखा, कारण त्यांची संयुजा सारखी. लिथियम, सोडियम, पोटॅशियम पाण्यात टाकले की तिघेही खळबळ करतात, फक्त राग वाढत जातो. सोडियमचा क्लोरीनशी विवाह झाला की मीठ होते. पोटॅशियमचा ब्रोमीनशी झाला तरी त्याच जातीचा क्षार होतो.

हा शोध मेंडेलीव्हला स्वप्नात दिसला, असे सांगतात. मूलद्रव्यांची नावे पत्त्यांवर लिहून तो पेशन्ससारखा डाव मांडत असे, असेही सांगतात. इतिहासकार या कथांकडे साशंकतेने पाहतात. त्याने रशियन वोडकाचे चाळीस टक्के प्रमाण ठरवले ही तर निव्वळ लोणकढी थाप आहे. त्याचा १८६५ चा प्रबंध अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणावर होता हे खरे, पण चाळीस टक्क्यांचे प्रमाण त्याच्या नवव्या वर्षीच, १८४३ मध्ये, ठरून गेले होते. मार्चमध्ये नव्या रशियन केमिकल सोसायटीत त्याचा निबंध वाचला गेला तोही त्याच्या गैरहजेरीत. मेन्शुत्किन या सहकाऱ्याने तो सादर केला.

वर्णमालेतील हरवलेले अक्षर

आता मेंडेलीव्हचे खरे धाडस. जस्ताचा अणुभार ६५ आणि त्यानंतर माहीत असलेले मूलद्रव्य आर्सेनिक, अणुभार ७५. क्रमाने लावायचे तर जस्तानंतर आर्सेनिक आले पाहिजे. पण मग ते ॲल्युमिनियमच्या गणात पडते आणि त्याचा स्वभाव तर सरळसरळ फॉस्फरसचा. मेंडेलीव्हने आर्सेनिकला फॉस्फरसखाली नेऊन बसवले आणि मधली दोन घरे रिकामी सोडली. ही घरे रिकामी नाहीत, त्यांचे मालक अजून आलेले नाहीत एवढेच, असा त्याचा दावा होता.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण त्याने पाटीवर गिरवलेली वर्णमाला ही एक प्रकारची आवर्तसारणीच आहे. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, अशा पाच ओळी आणि पाच स्तंभ. ओळ सांगते उच्चार तोंडात कुठे होतो, स्तंभ सांगतो तो कसा होतो. समजा, 'ध' हे अक्षर कोणी ऐकलेच नसते. त थ द, मग मोकळी जागा, मग न. तरीही त्या जागेच्या ओळीवरून कळले असते की हे अक्षर दंत्य असणार आणि घ, झ, ढ, भ या स्तंभावरून कळले असते की ते घोष आणि महाप्राण असणार. न ऐकलेले अक्षर उच्चारता आले असते. मेंडेलीव्हने मूलद्रव्यांच्या बाबतीत हेच केले. १८७१ मध्ये त्याने तीन अज्ञात मूलद्रव्यांची वजने, घनता, त्यांच्या ऑक्साइडचे सूत्र असा तपशील छापून टाकला.

आणि त्यांना नावे दिली ती संस्कृत अंकांवरून! ॲल्युमिनियमनंतरचे ते एका-ॲल्युमिनियम, बोरॉननंतरचे एका-बोरॉन, सिलिकॉननंतरचे एका-सिलिकॉन. मँगनीजच्या खाली तर त्याने एका-मँगनीज आणि द्वि-मँगनीज अशी दोन घरे राखली. त्या काळी पीटर्सबर्ग हे संस्कृत अभ्यासाचे मोठे केंद्र होते. बोटलिंक आणि रोट यांचा विख्यात संस्कृत-जर्मन शब्दकोश तिथल्या अकादमीनेच काढला आणि पाणिनीच्या व्याकरणाचे संपादनही बोटलिंकने केले होते. त्या विद्वानांच्या संगतीतून मेंडेलीव्हला वर्णमालेच्या शिस्तीची ओळख झाली असावी, असा तर्क काही भाषाशास्त्रज्ञांनी केला आहे. तर्क आकर्षक आहे, पण पुरावा नव्हे. आपण अभिमानापोटी त्याचा इतिहास करू नये.

१८७५ मध्ये फ्रान्सच्या लकोक द ब्वाबोद्रांने वर्णपटाच्या साहाय्याने गॅलियम शोधले. तळहातावर ठेवले तर वितळणारा हा धातू. त्याची घनता त्याने ४.७ मोजली. पीटर्सबर्गहून मेंडेलीव्हने कळवले की हे माझे एका-ॲल्युमिनियम आहे, पण घनता ५.९ च्या आसपास हवी, धातू पुन्हा शुद्ध करून पाहा. ज्याने तो धातू कधी डोळ्यांनी पाहिला नाही, तो ज्याच्या हातात धातू आहे त्याला चूक दाखवत होता! धातू शुद्ध करून पुन्हा मोजला आणि घनता निघाली ५.९. १८७९ मध्ये स्वीडनच्या निल्सनला स्कँडियम सापडले, ते एका-बोरॉन ठरले. १८८६ मध्ये जर्मनीच्या विंक्लरला जर्मेनियम मिळाले, तेच एका-सिलिकॉन. मेंडेलीव्हने अणुभार ७२ वर्तवला होता, तो आज ७२.६ मानतात. घनता ५.५ सांगितली होती, ती सुमारे ५.३ आहे.

हीच जिद्द त्याने ज्ञात मूलद्रव्यांबाबतही दाखवली. युरेनियमचा अणुभार १२० मानला जाई, त्याने २४० केला. बेरिलियमचा १४ होता, तो ९ वर आणला. दोन्ही दुरुस्त्या खऱ्या ठरल्या. जर्मनीच्या लोथार मायरनेही जवळपास त्याच काळात तशीच सारणी तयार केली होती आणि १८८२ चे डेव्ही पदक दोघांना मिळून मिळाले. पण न दिसलेल्या मूलद्रव्यांच्या बाजूने पैज लावण्याची छाती मेंडेलीव्हचीच. माहीत असलेले नीट मांडणारे विद्वान पुष्कळ असतात. आपल्याला काय माहीत नाही, ते नेमके कुठे आहे, हे दाखवणारा विरळा.

न बोलावलेले पाहुणे

बाकीचे आयुष्यही शांत नव्हते. दाढी आणि केसांचे जंगल वाढवलेला हा माणूस तापट होता. बाकूच्या तेलविहिरी पाहून आला, १८७६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियाचा तेलउद्योग अभ्यासून आला. १८८० मध्ये रशियाच्या विज्ञान अकादमीने त्याला थोड्या मतांनी नाकारले, तेव्हा देशभर संताप उसळला. पहिली पत्नी फेओझ्वा हिच्याशी पटले नाही. घटस्फोटानंतर धर्मसंस्थेच्या नियमाप्रमाणे जेवढे थांबायला हवे होते तेवढे न थांबता त्याने १८८२ मध्ये ॲना पोपोव्हाशी लग्न केले. १८८७ मध्ये खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी तो क्लिन येथून बलूनमध्ये बसला. पावसाने भिजलेले बलून दोघांना उचलेना, तेव्हा चालकाला उतरवून हा त्रेपन्न वर्षांचा प्राध्यापक एकटाच आकाशात गेला आणि सुखरूप उतरलाही. १८९० मध्ये विद्यार्थ्यांच्या मागण्यांचा अर्ज त्याने मंत्र्यांकडे नेला. मंत्र्यांनी तो परत पाठवला आणि मेंडेलीव्हने विद्यापीठ सोडले. पुढे तो वजने-मापे संस्थेचा प्रमुख झाला. रशियात मेट्रिक पद्धतीला १८९९ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली, त्यात त्याचा मोठा वाटा होता.

पण खरी परीक्षा वेगळीच होती. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांनी हवेत आर्गॉन हा वायू शोधला. कोणाशीही संयोग न पावणारा हा विरागी. त्याच्यासाठी सारणीत घरच नव्हते. जे मेंडेलीव्ह न आलेल्यांसाठी घरे राखत होते, त्यांच्या दारात आता न बोलावलेला पाहुणा उभा राहिला आणि त्यांनी दार उघडले नाही. हे नवे मूलद्रव्य नसून नायट्रोजनचेच तीन अणू एकत्र आलेले असावेत, असे ते म्हणत राहिले. पुढे हेलियम, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन अशी सगळी भावंडेच आली, तेव्हा कुठे त्यांनी शून्य गण म्हणून एक नवा स्तंभ मान्य केला. सारणी मोडली नाही. उलट ती भरदार झाली.

इलेक्ट्रॉन आणि किरणोत्सर्ग यांच्याशी मात्र त्यांचे कधीच जमले नाही. अणू फुटू शकतो, एका मूलद्रव्याचे दुसरे होऊ शकते, ही कल्पना त्यांना किमयागारांकडे परत गेल्यासारखी वाटे. १९०२ मध्ये पॅरिसला क्यूरी दांपत्याची प्रयोगशाळा पाहूनही त्यांचे मत फारसे बदलले नाही. ईथर हेच हायड्रोजनहून हलके मूलद्रव्य असावे, असे त्यांनी उतारवयात लिहिले. ते घर आजही रिकामे आहे आणि रिकामेच राहणार. नियतीचा विनोद असा की त्यांच्या सारणीचे रहस्य त्या नाकारलेल्या इलेक्ट्रॉनांतच दडले होते. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, पोटॅशियमच्याही एकच, म्हणून त्यांचा गण एक. क्लोरीन आणि ब्रोमीन दोघांच्या बाहेरच्या कवचात सात. टेल्युरियमचा अणुभार आयोडीनपेक्षा जास्त असूनही स्वभाव पाहून मेंडेलीव्ह यांनी त्याला आधी बसवले आणि वजनाच्या मोजणीत चूक आहे असे मानले. मोजणी बरोबर होती. १९१३ मध्ये मोजली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की खरा क्रम वजनाचा नसून अणुअंकाचा आहे. कारण चुकले होते, पण जागा अचूक होती.

१९०६ च्या नोबेल पारितोषिकासाठी समितीने मेंडेलीव्ह यांची शिफारस केली होती. स्वीडनच्या अकादमीत आऱ्हेनियस यांनी विरोध केला. शोध फार जुना झाला, ही सबब पुढे आली. आऱ्हेनियस यांच्या आयनांच्या सिद्धांतावर मेंडेलीव्ह यांनी कडक टीका केली होती, हेही विसरता येत नाही. पारितोषिक फ्लोरीन वेगळे करणाऱ्या म्वासां यांना मिळाले. २ फेब्रुवारी १९०७ रोजी मेंडेलीव्ह वारले आणि त्याच महिन्यात म्वासांही. नोबेलची संधी कायमची गेली.

पण १९५५ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेतील बर्कली येथील शास्त्रज्ञांनी मूलद्रव्य क्रमांक १०१ तयार केले आणि त्याला या रशियन माणसाचे नाव दिले, मेंडेलेव्हियम. नोबेल मिळालेल्यांची यादी मोठी आहे. सारणीत स्वतःचे घर मिळालेले मात्र मोजकेच. एका-मँगनीजच्या घरात १९३७ मध्ये टेक्नेशियम आले, द्वि-मँगनीजच्या घरात १९२५ मध्येच रेनियम आले होते. २०१६ मध्ये चार नव्या मूलद्रव्यांची नावे निश्चित झाली आणि ११८ मूलद्रव्यांनी सातवी ओळ पुरी भरली.

आज त्या तक्त्यात एकही चौकट मोकळी दिसत नाही. विद्यार्थ्याला तो पूर्ण झालेला, घट्ट बंद केलेला वाटतो आणि म्हणूनच कदाचित रुक्ष वाटतो. शिकवणाऱ्याने एकदा तरी फळ्यावर १८६९ ची सारणी काढावी आणि जस्त व आर्सेनिक यांच्यामधली ती दोन घरे मोकळी सोडावीत. मग वर्गाला विचारावे, इथे कोण राहत असेल? आणि उत्तरे येऊ लागली की आर्गॉनचीही गोष्ट सांगावी. ज्याची आपण वाट पाहत होतो त्याला ओळखणे कठीण असते. ज्याची वाट पाहत नव्हतो त्याला घरात घेणे त्याहून कठीण असते.